मोटारीचे पेट्रोल जाते कुठे?

मोटारीला पेट्रोल जास्त लागू लागले की पहिला संशय ड्रायव्हरवर येतो. मालक हिशेबाची वही काढतो, गेल्या महिन्याचे किलोमीटर आणि या महिन्याचे किलोमीटर शेजारी शेजारी मांडतो, आणि चष्म्यावरून पाहत विचारतो, "पेट्रोल जातं कुठं?" या प्रश्नातच उत्तर दडलेले असते, आणि ते ड्रायव्हरच्या इभ्रतीवर घाला घालणारे असते. भाड्याच्या गाड्यांवर, कंपन्यांच्या गाड्यांवर काम करणाऱ्या चालकांत आमचे आयुष्य गेले. या एका प्रश्नापायी नोकऱ्या गेलेल्या आम्ही पाहिल्या आहेत, पगार कापले गेलेले पाहिले आहेत. म्हणून या विषयाची थोडी विद्या आम्ही गॅरेजात मेस्त्र्यांच्या शेजारी उकिडवे बसून मिळवली. ज्यांची स्वतःची गाडी आहे आणि जे ती स्वतःच चालवतात, त्यांनाही ती उपयोगी पडेल. कारण त्यांना संशय घ्यायला दुसरा माणूसही नसतो.

प्रथम मोजमापाची गोष्ट. "गाडी पेट्रोल फार खाते" हे वाक्य पुरावा होऊ शकत नाही. काटा किती खाली आला यावरून हिशेब करणे म्हणजे नाडी न पाहता ताप ठरवण्यासारखे आहे. टाकी पंपावर बंदूक आपोआप बंद होईपर्यंत भरावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, गाडी नेहमीसारखी चालवावी, आणि पुन्हा त्याच पंपावर, शक्यतो त्याच बंदुकीने, तशीच भरावी. दुसऱ्या वेळी जितके लिटर गेले, तितके मधल्या किलोमीटरांत जळाले. हे एकदा करून भागत नाही. तीनदा करावे आणि तिन्हींची बेरीज घ्यावी. एका वेळी दोन लिटर इकडे तिकडे होतात, तीन वेळांत ते बरेचसे जिरून जातात.

हिशेबातली एक खोच येथे सांगितली पाहिजे. गाडीचे ॲव्हरेज १८ वरून १४ वर आले तर लोक म्हणतात, बावीस टक्के फरक पडला. ॲव्हरेज बावीस टक्क्यांनी उतरले हे खरे, पण पेट्रोल वाढले ते जवळजवळ एकोणतीस टक्क्यांनी. महिन्याला ३,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला पूर्वी १६७ लिटर लागत होते, आता २१४ लागतात. लिटरला शंभर रुपये धरले तरी महिन्याला चार हजार सातशेच्या आसपास रुपये झाले. ही रक्कम चालकाच्या पगारातून गेली तर त्याच्या घरी त्या महिन्यात काय शिजणार, याचा अंदाज प्रत्येकाने करावा.

वाढ खरी आहे असे ठरले म्हणजे साधी कारणे आधी निकालात काढावीत. चाकांत हवा कमी आहे काय? ब्रेक धरून राहिला आहे काय? गाडी दहा किलोमीटर चालवून चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्यावा. एखादे चाक इतरांपेक्षा फार तापले असेल तर ते कळतेच. क्लच घसरतो काय? वातानुकूलन उन्हाळ्यात दिवसभर चालू असते काय? पूर्वी हमरस्त्याने जाणारी गाडी आता गावातल्या गर्दीत तासन् तास उभी राहते काय? मात्र यांपैकी पुष्कळशा कारणांनी थोडाच फरक पडतो. हवा कमी असल्याने होणारे नुकसान अमेरिकेतील सरकारी माहितीप्रमाणे फार तर तीन टक्क्यांपर्यंत जाते. त्याच माहितीत ऑक्सिजन सेन्सर बिघडल्यासारखा गंभीर दोष दुरुस्त केला तर ॲव्हरेज चाळीस टक्क्यांपर्यंत सुधारू शकते असे म्हटले आहे. तेव्हा फरक मोठा असेल तर चाकांच्या हवेवर वेळ दवडण्यात अर्थ नाही.

अलीकडे आणखी एक कारण उभे राहिले आहे, आणि ते ना ड्रायव्हरचे, ना मेस्त्रीचे. आपल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच उष्णता असते. त्यामुळे अशा मिश्रणाच्या एका लिटरात शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सात टक्के कमी शक्ती असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धर्तीच्या चारचाकी गाड्यांचे ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल आणि नव्या मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांचे एक-दोन टक्क्यांनी, असा अंदाज दिला होता. म्हणजे १८ चे १७ झाले तर गाडी उघडायची गरज नाही. १८ चे १४ झाले तर मात्र इथेनॉलच्या नावावर सगळे खपवता येणार नाही.

आता मुख्य विषय. पूर्वीच्या गाड्यांत, आपल्या मुंबईच्या फियाट टॅक्सीत, कार्ब्युरेटर होता. हवा त्यातून जोराने ओढली जाई आणि तीच जाताना पेट्रोल शोषून घेई. सगळे यांत्रिक, डोळ्यांना दिसणारे. थंडीत सकाळी गाडी सुरू होईना तर चोक ओढायचा. त्याने हवा कमी होऊन मिश्रण दाट व्हायचे. गाडी तापली की चोक आत ढकलायचा. विसरला तर प्लग काळे, धूर काळा आणि टाकी रिकामी. हे प्रत्येक टॅक्सीवाल्याला ठाऊक होते. त्या टॅक्सींपैकी शेवटचीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. हल्लीच्या गाडीत इंजेक्टर नावाच्या बारीक तोट्या पेट्रोलचा फवारा मारतात, आणि तोटी किती हजारांश सेकंद उघडी ठेवायची हे एक लहानसा संगणक ठरवतो. त्याला गॅरेजात ईसीयू म्हणतात. हा संगणक हुशार आहे, पण आंधळा आहे. त्याला बाहेरचे जग सेन्सर सांगतील तेवढेच कळते. हवा किती आली, ती किती गार, इंजिनाचे पाणी किती तापले, पॅडल किती दाबले, आणि जळून बाहेर पडलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, या साऱ्या वार्ता तारांतून त्याच्याकडे येतात. वार्ताहराने खोटी बातमी दिली तर संगणक त्या खोट्या बातमीवर अगदी बिनचूक हिशेब करतो.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एका भागाला १४.७ भाग हवा लागते. यापेक्षा हवा कमी म्हणजे मिश्रण दाट, हवा जास्त म्हणजे पातळ. हे प्रमाण नेमके राखण्यासाठी धुराड्यात ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. त्याला लॅम्डा सेन्सर असेही म्हणतात. बॉश कंपनीने तो १९७६ साली बाजारात आणला आणि प्रथम व्होल्वोच्या गाड्यांत तो बसला. त्याच्या मुळाशी असलेला सिद्धान्त मात्र त्याहून पुष्कळ जुना, वाल्टर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मांडलेला आहे. झिर्कोनिया नावाच्या चिनीमातीसारख्या पदार्थाची अंगुस्तानाएवढी टोपी. तिच्या बाहेर धूर, आत स्वच्छ हवा. तीनशे अंशांवर तापली की तिच्या दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनातील फरकामुळे वीज निर्माण होते. धुरात ऑक्सिजन उरला नसेल, म्हणजे मिश्रण दाट असेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन पुष्कळ उरला असेल, म्हणजे मिश्रण पातळ, तर ०.१ व्होल्ट. संगणक हे पाहतो. व्होल्ट कमी आले की पेट्रोल वाढवतो, जास्त आले की घटवतो. त्यामुळे चांगल्या सेन्सरचा आकडा कधी स्थिर नसतो, तो सतत वर-खाली नाचत असतो. (काही नव्या गाड्यांत याहून निराळ्या धर्तीचा, रुंद पल्ल्याचा सेन्सर असतो. तेथे हे आकडे लावू नयेत.)

आता विचार करा, हा सेन्सर म्हातारा झाला, काजळीने किंवा ऑइलच्या राखेने माखला आणि ०.१ ते ०.२ वरच बसून राहिला, तर काय होईल? संगणकाला वाटेल, मिश्रण पातळ आहे. तो पेट्रोल वाढवील. सेन्सर तरीही "पातळ" म्हणेल. तो आणखी वाढवील. पेट्रोल धुरातून फुकट जाईल, आणि गाडी चालवणाऱ्याला फार काही जाणवणारही नाही. कारण थोडे दाट मिश्रण झाले तरी गाडी चांगली पळते. या बिघाडाची हीच खरी लबाडी आहे. गाडी कुरकुरत नाही, फक्त खाते.

दुसरा गुन्हेगार पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर. हा स्वस्त, सुपारीएवढा, आणि म्हणून दुर्लक्षित. त्यात असलेल्या पदार्थाचा विजेला होणारा विरोध तापल्यावर कमी होतो. अनेक गाड्यांत तो २० अंशांवर सुमारे अडीच हजार ओहम आणि ८० अंशांवर सुमारे तीनशे ओहम असतो. म्हणजे विरोध जास्त तितके संगणकाला इंजिन थंड वाटते, आणि इंजिन थंड वाटले की तो मिश्रण दाट करतो. हा जुना चोकच झाला, फक्त आत ढकलायला दांडी नाही. इंजिन फारच थंड आहे असे वाटले तर संगणक ऑक्सिजन सेन्सरचे ऐकेनासाही होतो.

या सेन्सरवरून आमच्याकडे एक भांडण आले होते. साल २०१६. एका खासगी कंपनीत साहेब लोकांसाठी गाड्या होत्या, आणि त्यातली एक २०१० पूर्वीची होती. तिचे ॲव्हरेज तीन महिन्यांत १६ वरून १२ वर आले. कंपनीने चौकशी न करता फरकाचे पैसे चालकाच्या पगारातून कापायला सुरुवात केली. पन्नाशी ओलांडलेला माणूस, आमच्यापुढे बसून म्हणाला, "भाऊ, पैसे गेले त्याचं काही नाही. पण गेटवरचा वॉचमन आता रोज डिकी उघडून बघतो." व्यवस्थापकांना आम्ही एवढेच म्हटले की, साहेब, माणसाची झडती रोज होते, गाडीची एकदा होऊ द्या. कायदाही त्या बाजूने होता. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याप्रमाणे नुकसानीपोटी कपात करायची तर ते नुकसान कामगाराच्याच हयगयीने झालेले असले पाहिजे आणि त्याला बाजू मांडण्याची संधी आधी दिली पाहिजे. हे तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेतही कायम आहे.

झडती झाली. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा पेटलेला नव्हता, त्यावर कंपनीचा भर होता: दिवा नाही म्हणजे दोष नाही. मेस्त्रीने स्कॅनर जोडला. अर्धा तास चाललेल्या इंजिनाचे तापमान संगणकाच्या मते ५१ अंश होते. रेडिएटरची वरची नळी मात्र हात ठेवू देत नव्हती, आणि दुरून उष्णता मोजणाऱ्या यंत्राने त्याच ठिकाणी ८५ अंश दाखवले. तेव्हा सेन्सर बदला, असे सगळेच म्हणू लागले. मेस्त्री जुना, खमका. त्याने सेन्सरची पिन काढून सेन्सरचाच विरोध मोजला, तर तो २८० ओहम, म्हणजे अगदी योग्य. सेन्सर निर्दोष होता. दोष होता पिनेत. पावसाचे पाणी जाऊन तांब्यावर हिरवा गंज चढला होता आणि त्या गंजाने सुमारे पाचशे ओहमची भर टाकली होती. गंज घासला, पिन घट्ट बसवली, आकडा ८४ वर आला. खर्च फक्त मेस्त्रीच्या मजुरीचा. पुढच्या तीन टाक्यांत ॲव्हरेज पंधराच्या वर गेले आणि कापलेले पैसे परत मिळाले. वॉचमनने डिकी बघणे मात्र लगेच थांबवले नाही. त्यासाठी आणखी एक पत्र द्यावे लागले.

दिवा का पेटला नाही? कारण ५१ अंश हा आकडा अशक्य नाही. तार पूर्ण तुटली असती तर संगणकाला उणे चाळीस अंश दिसले असते आणि त्याने ओरड केली असती. अर्धवट खोटे पकडणे जुन्या संगणकाला जमत नसे. आपल्याकडे गाडीने स्वतःचे दोष स्वतः तपासण्याचा नियम २०१० पासून पहिल्या टप्प्यात आणि २०१३ पासून दुसऱ्या टप्प्यात लागू झाला. अमेरिकेत दुसऱ्या टप्प्याच्या धर्तीची व्यवस्था १९९६ पासून सक्तीची होती. नव्या गाड्या असले खोटे पुष्कळ अंशी ओळखतात, तथापि सगळे ओळखत नाहीत.

या प्रकारात आणखी एक शिकण्यासारखे आहे. पुष्कळजण सांगतात की, रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू न करता फक्त किल्ली फिरवावी आणि स्कॅनरवर पाण्याचे तापमान व आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. दोन्ही जवळजवळ सारखी असली पाहिजेत. तपासणी उत्तम आहे, पण एकटी पुरत नाही. थंड असताना सेन्सरचा विरोध मुळातच मोठा असतो, त्यात पाचशे ओहमची भर पडली तर पाच-सहा अंशांचाच फरक दिसतो. गरम असताना तेच पाचशे ओहम तीस-पस्तीस अंशांचे खोटे बोलतात. म्हणून दोन्ही वेळा पाहावे.

शिवाय संगणक इंजिन थंड आहे म्हणतो तेव्हा ते खरेच थंड असू शकते. पाणी वेळेआधी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट. ती उघडीच अडकली की इंजिन तापायला फार वेळ घेते. "आपला देश गरम, याची गरजच काय" असे म्हणून ती काढून फेकणारे मेस्त्री आमच्याकडे आजही आहेत, आणि गिऱ्हाईक त्यांचे आभार मानून जाते! ओळख सोपी: थंड गाडी सुरू केल्यावर रेडिएटरची वरची नळी काही वेळ गार राहून मग एकदम तापली पाहिजे. पहिल्या मिनिटापासूनच ती हळूहळू कोमट होत गेली तर झडप उघडी आहे किंवा जागेवर नाही. हे पाहताना पंख्यापासून हात दूर ठेवावा, आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

ऑक्सिजन सेन्सरकडे परत येऊ. स्कॅनरवर "फ्युएल ट्रिम" नावाचे दोन आकडे दिसतात. संगणक मूळ हिशेबापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतो वा घटवतो, हे त्यात असते. एक आकडा क्षणाक्षणाचा, दुसरा लांब मुदतीचा. दहा टक्क्यांच्या आत असले तर काळजी नाही. आता धूर काळा आहे, पेट्रोलचा वास येतो, प्लगवर कोरडी काजळी आहे, म्हणजे मिश्रण दाट आहे हे डोळ्यांनी दिसते, आणि लांब मुदतीचा आकडा अधिक वीस आहे. याचा अर्थ संगणक मिश्रण पातळ समजून पेट्रोल ओततो आहे. त्याला फसवणारा ऑक्सिजन सेन्सर किंवा त्याची तार. याच्या उलट, मिश्रण दाट आहे आणि आकडा उणे वीस आहे. मग सेन्सर खरे बोलतो आहे, संगणक बिचारा पेट्रोल तोडण्याची धडपड करतो आहे, आणि जास्तीचे पेट्रोल दुसरीकडून येते आहे: गळका इंजेक्टर, वाढलेला दाब, हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची फाटलेली रबरी नळी, किंवा वर सांगितलेला पाण्याचा सेन्सर. येथे ऑक्सिजन सेन्सर बदलणे म्हणजे खरे सांगणाऱ्या साक्षीदारालाच तुरुंगात घालणे होय. आणि हेच सर्वांत जास्त घडते, कारण स्कॅनरवर त्या सेन्सरचे नाव आलेले असते. स्कॅनरवरचा कोड ही फिर्याद समजावी, निकाल नव्हे.

अधिक वीस आला तरी सेन्सरला लगेच दोषी धरू नये. त्याच्या आधी धुराड्याला तडा असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला ऑक्सिजन दिसतो. एखादा प्लग मारत नसेल तर न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो, आणि सेन्सर "पातळ" म्हणून सांगतो. त्याची बातमी खरी, संगणकाने काढलेला अर्थ चुकीचा. म्हणून थंड गाडी सुरू करून धुराड्याच्या सांध्याशी फुसफुस ऐकावी, प्लग आणि कॉइल तपासावे. मग गरम इंजिनावर एक साधी परीक्षा: पॅडल एकदम दाबावे, सेन्सरचे व्होल्ट वर उसळले पाहिजेत. इंजिनाची एखादी बारीक हवानळी क्षणभर काढावी, व्होल्ट खाली आले पाहिजेत. दोन्ही वेळा आकडा ढिम्म राहिला, आणि तार व सेन्सरमधला हीटर ठीक असला, तर सेन्सर गेला असे खुशाल म्हणावे.

ही दुरुस्ती "पुढच्या पगारावर बघू" म्हणून लांबवणाऱ्यांसाठी इतकेच सांगतो. जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली उतरते आणि ऑइल पातळ करते. उरलेले धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि त्याची मधाच्या पोळ्यासारखी आतली जाळी वितळवू शकते. सेन्सरची किंमत हजारांत मोजली तर कन्व्हर्टरची कित्येक हजारांत होते.

नवा भाग बसवल्यावर मेस्त्रीकडून स्कॅनरने जुना शिकलेला हिशेब पुसून घ्यावा. नाहीतर संगणक काही काळ जुन्याच सवयीने पेट्रोल देतो आणि मालक म्हणतो, पैसे वाया गेले. नंतर पुन्हा तीन टाक्या मोजाव्यात. कंपनीच्या गाडीवरच्या चालकांना आम्ही सांगतो की लॉगबुकात तारीख, किलोमीटर, लिटर यांच्या पुढे आणखी एक रकाना ओढा आणि त्यात दिवा पेटला काय, धुराचा वास आला काय, गॅरेजात कोणाला कधी सांगितले, हे त्याच दिवशी लिहा व अधिकाऱ्याची सही घ्या. जुना सेन्सरही पिशवीत घालून, वर तारीख टाकून सहा महिने जपून ठेवावा. चौकशीत तो टेबलावर ठेवता येतो.